लीचेसची ‘स्टडी’ सुविधा: मुलांच्या स्पर्धेतील डाव तपासण्यासाठी

लीचेस हे बुद्धिबळाचे संकेतस्थळ फ्रान्समधील एक ना-नफा संस्था देणग्यांवर चालवते. तेथे ना शुल्क आहे, ना जाहिराती. त्यावरील ‘स्टडी’ या, अनेकांनी मिळून डाव पाहण्याच्या व टिपणे लिहिण्याच्या सुविधेत मी तेरा वर्षांखालील जिल्हा स्पर्धेतील एक चुरशीचा डाव स्कोअरशीटवरून, म्हणजे चाली नोंदवण्याच्या कागदावरून, उतरवला आणि तो खेळलेल्या दोन्ही मुलांना त्यात सहभागी करून घेतले.

या सुविधेतील सर्वांत मोलाची सोय म्हणजे संगणकाचे विश्लेषण कोणाला दिसावे हे ठरवता येते. ते सुरुवातीला बंद ठेवल्यामुळे दोघांनाही प्रत्येक चालीमागचा आपापला विचार टिपणात लिहावा लागला. प्रतिस्पर्ध्याला नेमकी कशाची भीती वाटत होती, हे इंजिनाच्या (विश्लेषण करणाऱ्या संगणक-प्रणालीच्या) आकड्यांतून कधीच कळले नसते.

डावाच्या अखेरीस एकाकडे हत्ती व प्यादे, तर दुसऱ्याकडे केवळ हत्ती उरला होता. पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असल्या की लीचेस अंत्यडावांच्या तयार कोष्टकातून अचूक निकाल दाखवते. त्यामुळे बरोबरीचा डाव कोणत्या चालीवर हातातून गेला, हे लगेच सापडले. मात्र प्यादे पुढे सरकेपर्यंत बचावाचा हत्ती आपल्या तिसऱ्या आडव्या रांगेत ठेवून शत्रूच्या राजाला रोखायचे असते, हे अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोरचे तत्त्व कोष्टक सांगत नाही. ते प्रशिक्षकानेच समजावून द्यावे लागते.

प्रारंभिक चालींच्या संग्रहात मास्टरांच्या डावांपेक्षा लीचेसवरील खेळाडूंचे, रेटिंगनुसार (खेळाडूच्या ताकदीच्या गुणांकानुसार) निवडलेले डाव पाहावेत, कारण या वयोगटात समोर येणाऱ्या चाली बहुधा त्यांतच भेटतात. कागदावरून उतरवलेल्या डावात घड्याळाची नोंद नसते, ही मात्र मोठी उणीव ठरते. फिडेचे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे) नियम स्कोअरशीटवर वेळ लिहू देतात, तेव्हा मुलांना दर पाच-सहा चालींनंतर उरलेली वेळ लिहिण्याची सवय लावावी आणि ती टिपणात भरावी; घाईत झालेली चूक आणि न समजल्यामुळे झालेली चूक यांवरचे उपाय वेगळे असतात.

लहान मुलांच्या खात्यावर ‘किड मोड’, म्हणजे इतरांशी होणारा संवाद बंद करणारी सोय, अवश्य सुरू करावा. स्टडीही खासगी ठेवावी, नाहीतर पुढच्या स्पर्धेतील प्रतिस्पर्ध्याला सगळी तयारी आयती वाचायला मिळेल.