प्रभात रोडच्या गल्लीतला साधा क्रोसाँ

पुण्यातल्या या बेकरीत नाश्त्याला जायचं असेल तर सकाळी साडेआठच्या आत पोहोचा आणि साधा क्रोसाँ, म्हणजे बटरच्या पापुद्र्यांचा फ्रेंच पाव, मागा. रविवारी नऊ-सव्वानऊला तो संपलेला असतो. बाकीचे ट्रे भरलेले दिसतात, पण या दुकानात यायचं ते त्या साध्या क्रोसाँसाठीच.

दुकान प्रभात रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर आहे. मोजकी टेबलं, बाहेर आंब्याखाली एक बाक. चारचाकी लावायला जागा नाही, तेव्हा दुचाकीवर नाहीतर रिक्षाने या.

या वेळी आईला घेऊन गेले होते. ती दर दिवाळीला चिरोटे करते. पापुद्र्यांच्या बाबतीत तिला कुणी फसवू शकत नाही. क्रोसाँ समोर आल्यावर तिने आधी तो उलटा करून तळ बघितला. खरपूस, कोरडा, खालच्या कागदावर तेलकट डाग नाही. मग मला मधोमध कापायला लावला. वरचे पापुद्रे करकरत तुटले, ताटलीत चुरा पडला, आणि आत मऊ, पिवळसर जाळी दिसली. भोकं लहानमोठी पण मोकळी, कच्च्या पिठाची गाठ कुठेच नाही.

"साटा कसला लावतात गं हे?" हा तिचा पहिला प्रश्न. साटा म्हणजे चिरोट्यांच्या थरांमध्ये लावायचं तूप-पिठाचं मिश्रण.

साटा नाही, अख्खी बटरची लादीच पिठाच्या गोळ्यात गुंडाळून लाटतात, म्हटल्यावर ती उठून थेट काचेपाशी गेली. काचेपलीकडे त्यांचं काम दिसतं. बटर आणि पीठ दोन्ही सारखंच थंड, सारखंच लवचीक लागतं. बटर कडक असेल तर लाटताना तुटतं, मऊ पडलं तर पिठात जिरतं आणि पापुद्रे सुटतच नाहीत. तीन पदरी घडी तीनदा घातली की बटरचे २७ थर होतात. शिवाय चिरोट्यात नसतं ते यीस्ट यात असतं. त्यामुळे भाजण्याआधी क्रोसाँ फुगायला ठेवावे लागतात, आणि ऊब अशी बेताची लागते की यीस्ट चढावं पण बटर वितळू नये. बटर वितळतं साधारण ३२ ते ३५ अंशांना. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्या दिवसांत हे जमवायचं म्हणजे लाटायची खोली सतत गार ठेवायला हवी. आत लाटणारी मुलगी आईकडे बघून हसली आणि म्हणाली, "आजी, हे उद्याचं आहे, आज फक्त घड्या घालतोय." आई बराच वेळ तिथेच उभी होती.

साध्या क्रोसाँचे १९० रुपये. एवढ्यात दोघांची मिसळ होते, हे मलाही कळतं. पण शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी निम्म्या किमतीत घेतलेला क्रोसाँ टाळूला मेणचट चिकटला होता. बटरऐवजी वापरतात ते वनस्पती तेलाचं मार्जरीन तोंडाच्या उबेला पुरतं वितळत नाही, बटर वितळतं. फरक पहिल्याच घासाला कळतो. त्यात दोन दिवसांची मेहनत धरा. १९५५ पासूनच्या कयानी बेकरीपुढे श्रूजबेरी बिस्किटांसाठी अजूनही रांगा लावणाऱ्या या गावाने इथेही हा दर आनंदाने द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

आमंड क्रोसाँ आदल्या दिवशीच्या क्रोसाँचा करतात. पाकात भिजवून, बदामाचं सारण भरून तो पुन्हा भाजायचा, ही त्याची मूळ रीतच आहे, आणि इथे विचारलं तर तसं सरळ सांगतात. चांगला आहे, पण फार गोड. दोघांत एक पुरे. फक्त शनिवार-रविवारी मिळणारा क्विन्यमान मात्र चुकवू नका. फ्रान्सच्या ब्रिटनी भागातला हा प्रकार. घड्यांमध्येच साखर घालतात, ती भाजताना सुटून तळाला कडक, किंचित कडसर कॅरॅमल होतं. आईला क्रोसाँपेक्षा हाच आवडला. टोमॅटो-चीज डॅनिश, म्हणजे वर सारण ठेवलेली पापुद्र्यांची पेस्ट्री, घेऊ नका, टोमॅटोच्या पाण्याने तळ गिच्च झाला होता.

एक तक्रार आहे आणि ती मी तिथेही सांगितली. बसून पिणाऱ्यालाही कॉफी कागदी कपात देतात. एवढ्या निगुतीने केलेल्या पदार्थाशेजारी तो कप बघवत नाही. चिनी मातीचे साधे कप आणा.

घरी नेणार असाल तर खोका उघडा ठेवून न्या, वाफ कोंडली की पापुद्रे मऊ पडतात. संध्याकाळी खायचा असेल तर ओव्हन किंवा एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर चार-पाच मिनिटं गरम करा. मायक्रोवेव्हमध्ये अजिबात घालू नका, चामट होतो. सोमवारी दुकान बंद असतं.