नेहरू स्टेडियम की गहुंजे?

पुण्याच्या या दोन क्रिकेट स्टेडियमांपैकी कुठली इमारत जास्त छान म्हातारी झालीय, हा प्रश्न. नुसती मॅच बघायची तर गहुंजे, यात वाद नाही. लंडनच्या हॉपकिन्स आर्किटेक्ट्सनी आखलेल्या या मैदानावर २०१२च्या डिसेंबरात भारत-इंग्लंड टी-ट्वेंटी झाली. स्टँडांमधून मोकळी जागा सोडलीय, त्यामुळे वारा खेळतो आणि लांबचे डोंगर दिसतात. पांढरं ताणलेलं छत आजही जुनाट वाटत नाही. फक्त ते सगळ्यांच्या डोक्यावर नाही. दुपारच्या मॅचला टोपी विसरू नका.

स्वारगेटचं नेहरू स्टेडियम दिसायला साधंच. काँक्रीटच्या पायऱ्या, उन्हात तापल्या की खाली पेपर अंथरायचा! पण २९ फेब्रुवारी १९९६ला इथेच केनियाने वर्ल्ड कपमध्ये वेस्ट इंडिजला ९३ धावांत गुंडाळलं. केनियाच्या स्वतःच्या धावा होत्या १६६.

गहुंजे एक्सप्रेसवेलगत, शहराबाहेर. गाडी काढल्याशिवाय पोचणं अवघड. नेहरूला एसटी स्टँडवरून चालत जा, मॅच संपली की समोर सारसबागेत भेळ.

देखणेपणात गहुंजे पुढे, मान्य. पण इमारत किती छान म्हातारी झाली, हे ती माणसांच्या किती जवळ आहे त्यावरही ठरत असेल, तर माझं मत स्वारगेटला. आणि हो, मी पेठेतला आहे, तेव्हा हा पक्षपात समजा हवं तर.