लाँचर टाकला आणि सासूबाईंचा फोन हरवला

तर त्या दिवशी कुर्ल्याला आमच्या लेडीज डब्यात टीसी चढली, मी पर्समधून फोन काढला पास दाखवायला, बघते तर लॉकस्क्रीनवर कुठल्यातरी हिरॉइनच्या लग्नाचा फोटो. बोट वर सरकवलं तर फोन उघडायचा सोडून ती बातमीच उघडली. बॅक केलं, परत सरकवलं, आता क्रिकेट. टीसी बिचारी शांत उभी होती पण शेजारच्या दोघी एकमेकींकडे बघून जे काही हसल्या ना ते मला दादरपर्यंत टोचत होतं. पास होता हो माझ्याकडे, तीन महिन्यांचा!

मग ठरवलंच की या फोनचं काहीतरी करायचं, आणि पुढचा महिनाभर जे काही केलं त्याचा हा रिव्ह्यू. फोन कुठल्या कंपनीचा ते लिहित नाही, शोधत बसू नका, वीस हजाराच्या आतला आहे एवढं पुरे.

माझा दीर या सगळ्यातला किडा आहे. तो म्हणाला, वहिनी, फोनमध्ये प्रॉब्लेम नाहीये, स्किनमध्ये आहे. स्किन म्हणजे काय तर अँड्रॉइड गूगलकडून येतं ते भिंती आणि छप्पर असलेल्या कोऱ्या फ्लॅटसारखं, त्यात टाइल्स, किचनचा ओटा, फॉल्स सीलिंग हे सगळं फोनवाली कंपनी करते. शाओमीची मियूआय जिला आता हायपरओएस म्हणतात, सॅमसंगची वन यूआय, ओप्पोची कलरओएस, ही सगळी तीच कामं. मला हे लगेच कळलं कारण आमच्या बिल्डरने पण बाथरूममध्ये असल्या टाइल्स लावल्यात की आठ वर्षं झाली तरी रोज सकाळी राग येतो.

पण मग यात जाहिराती कुठून आल्या? तर त्यालाही सोसायटीचंच उदाहरण. गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवायला दिला की मेंटेनन्स कमी येतो, तसंच. २०१८ मध्ये शाओमीचा संस्थापक लेई जुन याने जाहीरच केलं होतं की हार्डवेअरवर पाच टक्क्यांच्या वर निव्वळ नफा घेणार नाही, मग बाकीचं पोट भरायचं ते इंटरनेट सर्व्हिसेसवर, आणि त्यात जाहिराती आल्याच. निदान त्यांनी सांगून केलं. बाकीचे काही न सांगता तेच करतात. म्हणजे आपण फोन स्वस्तात घेतला असं वाटतं पण उरलेले पैसे रोज थोडे थोडे असे लॉकस्क्रीनवर देत असतो, टीसीसमोर.

गंमत अशी की हीच मियूआय एकेकाळी लोक हौसेने टाकायचे! २०१० च्या ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा शाओमीचा स्वतःचा फोनच नव्हता, तो पुढच्या वर्षी आला. एचटीसी सेन्स, सॅमसंगचं टचविझ याला कंटाळलेली पोरं आपल्या फोनवर ती फ्लॅश करायची, म्हणजे मूळचं पुसून त्या जागी ही टाकायची. दीर सांगतो कॉलेजात असताना रात्र रात्र जागून हेच करायचो. आज तोच माणूस मला ते काढायचं कसं हे शिकवतोय. म्हणजे कंपनीचं नको म्हणून जे आणलं तेच कंपनीचं झालं.

असो. पहिला प्रयोग लाँचर, म्हणजे होमस्क्रीन दाखवणारं अ‍ॅप. सगळ्यात सोपा, प्लेस्टोरवरून उतरवा, होम बटण दाबलं की विचारतं कुठला वापरू, झालं. मी आधी नोवा टाकला कारण सगळे तेच नाव घेतात. छान आहे, खोटं नाही बोलणार, आयकॉन लहानमोठे करा, न लागणारी अ‍ॅप लपवा, वर खाली सरकवल्यावर काय उघडायचं ते ठरवा. पण नवीन कोणी पैसे भरून घेत असेल तर थांबा जरा. २०२२ मध्ये ब्रांच नावाच्या कंपनीने तो विकत घेतला आणि ज्याने मुळात बनवला तो केव्हिन बॅरी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तिथून बाहेर पडला. अशा घरात आता नवीन फर्निचर करू नये. मग नायगरा टाकला, त्यात आयकॉनच नाहीत फारसे, नुसती नावांची यादी, कडेला अंगठा फिरवला की अक्षराप्रमाणे अ‍ॅप येतात. एका हाताने वरची कडी धरून उभं राहायचं असेल तर यासारखं सुख नाही, मला फार आवडला.

आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी लॉकस्क्रीनवर हिरॉइन होतीच.

इथेच लोकांची फसगत होते बघा. लाँचर बदलतो फक्त होमस्क्रीन आणि अ‍ॅपची यादी. वरून खाली ओढतो ती नोटिफिकेशनची पट्टी, लॉकस्क्रीन, सेटिंग्ज, डायलर, कॅमेरा, आणि कुठलं अ‍ॅप चालू ठेवायचं कुठलं मारायचं हा कारभार, सगळं कंपनीचंच राहतं. म्हणजे हॉलला रंग दिला, गळका नळ तसाच. वर आणखी एक कटकट, अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, बटणं जाऊन बोटाने सरकवायचे जेस्चर आले, आणि मागची उघडी अ‍ॅप दाखवणारी स्क्रीन कंपनीच्या लाँचरशी बांधलेली असते, त्यामुळे बाहेरचा लाँचर असला की होमला जाताना मध्येच एक झटका बसतो. माझ्या फोनवर तर बसतोच. काही फोनवर बाहेरचा लाँचर लावला की जेस्चरच बंद होतात, गुपचूप खालची तीन बटणं घ्या.

आता सासूबाईंचं. उत्साहाच्या भरात मी त्यांच्या फोनवर पण लाँचर टाकला, मोठे आयकॉन, मोठी अक्षरं, म्हटलं त्यांना बरं पडेल. संध्याकाळी ऑफिसमधून निघते तोवर त्यांचा लँडलाइनवरून फोन. म्हणाल्या, "अगं माझा फोन कुठे गेला?" मी म्हटलं आई हातात काय आहे तुमच्या? तर म्हणतात, "हा माझा नाय, माझ्यात हिरवं तिसऱ्या ओळीत होतं." मी सीएसएमटीला प्लॅटफॉर्मवर उभी राहून हसले आधी, मग जरा वाईटच वाटलं. त्यांना व्हॉट्सअ‍ॅप वाचता येत नाही अशातला भाग नाही, पण चार वर्षांत बोटाला जागा पाठ झालेली, देव्हाऱ्यातली काडेपेटी अंधारात सापडते तशी. ती मी एका दुपारी उधळून टाकली. घरी जाऊन पहिलं काम ते काढलं. तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांच्या फोनला लाँचर टाकायचा असेल तर प्लीज नका टाकू, पाचपैकी शून्य स्टार.

दुसरा रस्ता म्हणजे सगळंच उखडून कस्टम रॉम, म्हणजे बाहेरच्या लोकांनी बनवलेलं अख्खं अँड्रॉइड टाकायचं, लिनिएजओएससारखं. सायनोजेनमॉड नावाचं असंच जुनं प्रकरण ऐकलं असेल ना, आपल्याकडे मायक्रोमॅक्सच्या यू युरेकात त्याच लोकांचं सायनोजेन ओएस होतं, तर २०१६ च्या शेवटी ते बंद पडलं आणि त्यातल्याच लोकांनी लिनिएज चालू केलं. दिराने त्याच्या जुन्या फोनवर टाकलंय आणि दाखवतो तेव्हा खरंच हेवा वाटतो. एक जाहिरात नाही, हलकंफुलकं, कंपनीने अपडेट बंद करून काही वर्षं झाली तरी त्याला नवीन अँड्रॉइड मिळतंय. पण त्यासाठी आधी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना कुठली सिस्टीम चालू द्यायची ते ठरवणारा दारवान, अनलॉक करायचा, त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, आणि शाओमीसारख्या कंपन्या त्यालाही थांबायला लावतात, अर्ज केल्यावर १६८ तास म्हणजे सात दिवस असायचे, आता तर नियम आणखी कडक केलेत.

बरं ते पण केलं समजा. मग बँकेची अ‍ॅप. गूगलची प्ले इंटिग्रिटी म्हणून तपासणी असते, फोनचा बूटलोडर उघडा दिसला की अ‍ॅपला कळतं, आणि बरीच बँकेची अ‍ॅप मग उघडतच नाहीत. दिराच्या बँकेचं उघडलं नाही, नाव लिहित नाही, पण त्याने महिनाभर झटापट केली, हे मॉड्यूल टाक, ते लपव, एक दिवस चालायचं, अपडेट आलं की परत बंद. शेवटी तो दोन फोन घेऊन फिरायला लागला, एक हौसेचा एक पैशाचा. वडापावच्या गाडीवर पंधरा रुपये द्यायला दुसऱ्या खिशातून दुसरा फोन काढताना बघितलाय मी त्याला. आता मला सांगा, मुंबईत रिक्षा, भाजी, इस्त्रीवाला सगळं यूपीआयवर चालतं, तिथे हा छंद कोणाला परवडणार? त्यात नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपना वाइडवाइन म्हणून व्हिडिओची चोरी रोखणारी यंत्रणा असते, तिची वरची पातळी लागते एचडीसाठी, बूटलोडर उघडला की बऱ्याच फोनमध्ये ती जाते आणि चित्र धुरकट. कॅमेऱ्याचं तर विचारूच नका, कंपनीने फोटो सुधारायला जे काही सॉफ्टवेअर लिहिलेलं असतं ते त्या स्किनबरोबरच जातं. जुना पडलेला फोन असेल तर जरूर करा, मजा येते म्हणे. रोजच्या फोनवर नाही.

आणि हे म्हणताना स्किनच्या बाजूनेही बोलायला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. लांबलचक स्क्रीनशॉट कंपन्यांच्या स्किनमध्ये कितीतरी वर्षं होता, गूगलने तो अँड्रॉइड १२ मध्ये म्हणजे २०२१ ला दिला. अ‍ॅप लपवून ठेवायची वेगळी जागा सॅमसंगकडे सिक्युअर फोल्डर म्हणून आधीपासून होती, गूगलची प्रायव्हेट स्पेस आली अँड्रॉइड १५ ला. दोन सिमला दोन व्हॉट्सअ‍ॅप हे पण आधी यांनीच दिलं. वन यूआय आलं तेव्हा, २०१८ च्या शेवटी, त्यांनी मजकूर वर आणि दाबायच्या गोष्टी खाली अंगठ्याजवळ आणल्या, हे गर्दीत उभं राहणाऱ्या माणसालाच कळेल किती मोठं काम आहे ते. म्हणजे सुतार वाईट नाहीये हो, भिंतीवर बोर्ड लावायला देणारा मालक वाईट आहे.

तर शेवटी मी काय केलं. रविवारी दिराचा लॅपटॉप, एक केबल आणि दोन तास. सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर ऑप्शन उघडतात, तिथे यूएसबी डीबगिंग चालू केलं, लॅपटॉपवर एडीबी, म्हणजे केबलमधून फोनला कमांड द्यायचं टूल, आणि मग एकेक करून कंपनीची फालतू अ‍ॅप काढली. हे काढणं खरं तर आपल्या यूजरपुरतंच असतं, मूळ अ‍ॅप सिस्टीममध्ये पडून राहतं, फॅक्टरी रिसेट केला की सगळी मंडळी परत हजर, पण म्हणूनच भीती कमी, कारण बूटलोडरला हात लागत नाही आणि माझ्या बँकेच्या अ‍ॅपला पत्ताही लागला नाही. माझी तेवीस निघाली. लॉकस्क्रीनवाली, दुसरं प्लेस्टोर, दुसरा ब्राउझर, आणि एक असं ज्याचं नाव आयुष्यात कधी दिसलं नव्हतं पण जाहिराती तेच पाठवत होतं. घाईत गॅलरी पण उडवली, मग कॅमेऱ्यात फोटो काढल्यावर कोपऱ्यातलं चित्र दाबलं की काहीच होईना, ती एका कमांडने परत आणली. सांगायचं म्हणजे नाव नीट माहीत नसेल ते काढू नका, काही फोनमध्ये सिक्युरिटीवालं अ‍ॅप काढलं की फोन चालूच होत नाही, नुसता लोगो दाखवत बसतो.

लॅपटॉप नसेल तर नुसत्या सेटिंग्जमध्ये पण बरंच होतं. लॉकस्क्रीनच्या बातम्या बंद करायचं बटण असतं, फक्त ते तुम्हाला सापडू नये अशा ठिकाणी ठेवलेलं असतं. रेकमेंडेशन हा शब्द जिथे दिसेल तिथे बंद करा, कारण जाहिरातीला हे लोक जाहिरात म्हणतच नाहीत.

आणि बॅटरीचं. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. स्किन बॅटरी वाचवायला मागची अ‍ॅप मारते, म्हणून मेसेज उशिरा येतात. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रात्री मेसेज आलेला, उद्या पाणी फक्त सहा ते सात. मी तो वाचला पावणेआठला, व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर. त्या दिवशी ऑफिसला कशी गेले ते विचारू नका. आता व्हॉट्सअ‍ॅप, बँक आणि गजराचं अ‍ॅप तिघांनाही बॅटरीत नो रिस्ट्रिक्शन केलंय आणि ऑटोस्टार्ट चालू. सॅमसंगवाल्यांनी स्लीपिंग अ‍ॅपची यादी बघा, त्यात कोण कोण झोपलंय ते.

मार्क द्यायचेच तर नायगराला चार, तो एक झटका सोडला तर तक्रार नाही आणि मी अजून तोच वापरते. नोवाला तीन, ते पण जुन्या पुण्याईवर. रॉमला मार्क देणार नाही कारण मी वापरला नाही, दिराचं तोंड बघितलंय फक्त. आणि तेवीस अ‍ॅप काढण्याला पाचपैकी पाच, फुकट आहे, फोन जरा हलका पण वाटतो, आणि परवा कुर्ल्याला तीच टीसी चढली तेव्हा पास दोन सेकंदात दाखवला. तिने बघितलं पण नाही नीट.

सासूबाईंच्या फोनला लाँचरचा नाद सोडला, हिरवं तिसऱ्या ओळीत परत आलंय. फक्त लॉकस्क्रीनच्या बातम्या तेवढ्या बंद करून दिल्या. तर दोन दिवसांनी चहा घेताना विचारतात, अगं ते फोनवर रोज लग्नाबिग्नाचे फोटो यायचे ते हल्ली का नाही येत, रिचार्ज संपला का?