विंडी, मौसम की फोनमधलं आधीचंच? कोकणात हवामानाचं ॲप कुठलं ठेवायचं

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या हर्णै-दापोली पट्ट्यात घरोघरी एकच प्रश्न, आज संध्याकाळी पडेल का. गच्चीवर आमसुलं असतात, आंबापोळीची ताटं असतात, लाकूडफाटा अजून आत घ्यायचा असतो. मागच्या वर्षी काकूंनी फोनमध्ये आधीपासून आलेल्या हवामानाच्या ॲपवर सूर्याचं चित्र बघितलं आणि पाचवं पूट दिलेली आमसुलं गच्चीवर ठेवून पालगडला लग्नाला गेल्या, साडेचारला सर आली आणि घरी कोणी नव्हतं. ज्यांनी आमसुलं केलीत त्यांना वेगळं सांगायला नको, रतांब्याची साल रसात भिजवायची, उन्हात घालायची, परत रस परत ऊन असं पाच-सहा दिवस चालतं, आणि अध्येमध्ये पावसाचं पाणी लागलं की बुरशी धरते. सगळं टाकून द्यावं लागलं. तेव्हापासून मी वर्षभर तीन ॲप शेजारी शेजारी ठेवून रोज बघतोय, आणि आता ओळखीचे लोक विचारायला लागलेत की नक्की कुठलं ठेवू, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी फोनमधलं. ते वाईट नाहीये हे आधी सांगतो. तापमान ठीक असतं, उघडायला एक सेकंद लागतो, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत कोकणात तेवढं पुरतं सुद्धा. अडचण पावसाच्या दिवसांत आणि त्याच्या आधीच्या महिन्यात. तिथं तुम्हाला एक चित्र दिसतं आणि एक टक्का दिसतो. ६० टक्के म्हणजे दिवसातले ६० टक्के तास पाऊस असं बरेच जण धरतात पण तसं नसतं, त्या ठिकाणी त्या वेळात पाऊस पडायची शक्यता तेवढी, किती पडेल ते त्यात येत नाही. चार थेंब आणि धो धो, दोन्हीला ६० टक्केच असू शकतात. आणि मुख्य म्हणजे त्या चित्रामागे अंदाज पक्का आहे की डळमळीत, ते कळायला मार्गच नाही. काकूंचं नुकसान नेमकं इथं झालं असं माझं मत आहे.

विंडीचं वेगळेपण इथूनच सुरू होतं. २०१४ साली एका चेक माणसाने वाऱ्याच्या आवडीतून सुरू केलेली ही साइट, ॲप पण आहे. उघडलं की अरबी समुद्रावर वारा वाहताना दिसतो, बघतच बसावं असं आहे ते, पण खरा उपयोग त्या नकाशाचा नाही. तुमच्या घरावर बोट ठेवा, खाली तक्ता येईल, त्यात अंदाजांची तुलना असा पर्याय आहे तो उघडा. तिथं युरोपचं ईसीएमडब्ल्यूएफ, अमेरिकेचं जीएफएस, जर्मनीचं आयकॉन अशी मॉडेलं, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित करणाऱ्या पद्धती, एकाखाली एक दिसतात, आणि पाऊस मिलिमीटरमध्ये. मे महिन्यातल्या एका दुपारी मी बघितलं तर संध्याकाळच्या रकान्यात एकात दोन मिलिमीटर, दुसऱ्यात अकरा, तिसऱ्यात कोरडं. म्हणजे गणित करणाऱ्यांचंच एकमत नाही! अशा दिवशी आमसुलं गच्चीवर ठेवून कुठं जायचं नाही, एवढं साधं आहे. तिन्ही ओळी कोरड्या असल्या की मग खुशाल जा. एका चित्रात हे मतभेद झाकले जातात आणि आपल्याला निर्णय घ्यायला नेमके तेच हवे असतात.

आता ही मॉडेलं कोकणात का भांडतात तेही समजून घ्या, नाहीतर वाटेल की सगळंच अंदाजपंचे आहे. मॉडेल जमिनीच्या चौकटी पाडून गणित करतं. विंडीवर जीएफएसची चौकट साधारण २२ किलोमीटरची, ईसीएमडब्ल्यूएफची ९. आपली कोकणपट्टी रुंदीला पन्नास-साठ किलोमीटर, म्हणजे जीएफएसच्या दृष्टीने समुद्रापासून सह्याद्रीपर्यंत दोन-तीन चौकटी झाल्या आणि संपलं. आता हर्णैचा किनारा, दापोलीचं पठार आणि खेडच्या पुढचा घाट, तिथला पाऊस एक असतो का? खाडीच्या अल्याड ऊन आणि पल्याड सर हे आपण रोज बघतो. म्हणून इथं लहान चौकटीला जास्त वजन द्यायचं, मी तरी ईसीएमडब्ल्यूएफ आधी बघतो. आणखी एक, हे मॉडेल पहाटे साडेपाचच्या स्थितीवरून जे गणित सुरू करतं ते पूर्ण होऊन आपल्या फोनवर यायला दुपार होते, म्हणून सकाळी सातला बघून दिवसभराचा निर्णय घेण्यापेक्षा जेवणाच्या वेळेला परत एकदा बघा. फुकटात तीन-तीन तासांचे रकाने मिळतात, पैसे भरले तर तासातासाचे. घरच्यासाठी फुकटचं पुरतं, होडीवाल्याने विचार करावा.

मौसम हे आपल्या हवामान खात्याचं ॲप, २७ जुलै २०२० ला आलं. दिसायला विंडीसारखं देखणं नाही आणि अंदाज शहरांच्या नावाने आहेत, आपल्या वाडीवर बोट ठेवून मिळतील ही अपेक्षा ठेवू नका. पण त्यात खरं कामाचं जे आहे ते म्हणजे इशारा. जिल्हावार पिवळा, नारिंगी, लाल, पुढच्या पाच दिवसांचा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. हा रंग नुसत्या मॉडेलमधून येत नाही, माणसं रडार, उपग्रह, वेधशाळांच्या नोंदी बघून ठरवतात, आणि प्रशासन त्याच रंगावर हलतं, शाळांच्या सुट्ट्यासुद्धा बऱ्याचदा त्याच्यावरूनच ठरतात. आणि शब्दांना माप आहे. मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर, अतिमुसळधार ११५.६ पासून, २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. जिल्ह्याला एकच रंग असल्यामुळे मंडणगडापासून राजापूरपर्यंत सगळे नारिंगी होतात आणि मग कोणीतरी म्हणतंच की आमच्याकडे तर थेंब नाही, पण इशारा हा तुमच्या अंगणाचा अंदाज नव्हे हे डोक्यात पक्कं बसवा. तीन-तीन तासांचे तातडीचे अंदाज पण त्यात येतात, जुलैमध्ये खेड-चिपळूणला जायचं असेल तर निघण्याआधी ते बघाच. २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आठवणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही.

बागायतदारांसाठी मात्र माझं मत वेगळं आहे, त्यांनी मेघदूत आधी घ्यावं. हवामान खातं आणि कृषी संशोधन परिषद यांचं ते २०१९ चं ॲप, दर मंगळवारी आणि शुक्रवारी जिल्ह्याचा कृषी सल्ला येतो, मराठीतून. मोहोरावर तुडतुडे आले असताना फवारणी आज की परवा हा प्रश्न नुसत्या पावसाच्या आकड्याने सुटत नाही. सल्ला मेघदूतवर वाचायचा आणि वेळ विंडीवर ठरवायची, मतलई पडून खारा वारा सुरू व्हायच्या आधीचे सकाळचे तास तिथं वाऱ्याच्या रकान्यात दिसतात. वारा सुटल्यावर मारलेलं औषध शेजाऱ्याच्या बागेत जातं.

होडीवाल्यांचं परत निराळं. विंडीवर लाटांचा थर आहे, त्यात नुसती उंची बघू नका, शेजारचे सेकंद बघा, म्हणजे एका लाटेमागून दुसरी यायला लागणारा वेळ. दीड मीटरची लाट सहा सेकंदांची असेल तर ती इथल्याच वाऱ्याने उठवलेली, तीच बारा-चौदा सेकंदांची असेल तर लांबून आलेली, खोल पाण्यात जाणवत पण नाही आणि किनाऱ्यावर मात्र अंगावर येते. होडी लावताना, काढताना धोका तिचाच. पण समुद्रात जायचं की नाही हे विंडीवर ठरवू नये, कितीही निळं दिसलं तरी. हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा हे दोन बघायचे आणि बंदरावर तीन नंबरचा धोक्याचा बावटा लागला असेल तर फोन खिशात ठेवायचा. ऐन मासेमारी बंदीच्या तोंडाशी, मे अखेरीला, एक शेवटची फेरी मारून येऊ म्हणणारे असतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय.

दामिनी हे विजेसाठीचं, पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं. तुमच्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात वीज पडत असेल तर सांगतं. छोटं आहे, टाकून ठेवा, अवकाळीच्या संध्याकाळी शेतावर असणाऱ्याला फार उपयोगी.

एक गोष्ट मात्र यातल्या कुठल्याच ॲपला जमत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दुपारनंतर आमच्याकडे वीज नाही, रेंज नाही, आणि हे कित्येक दिवस. नकाशा बघायचा तो आदल्या दिवशीच, बघून स्क्रीनशॉट काढून ठेवायचा. आणि सेलवर चालणारा रेडिओ घरात हवा, आकाशवाणी रत्नागिरीला टॉवर पडल्याचा फरक पडत नव्हता.

तर ठरवताय त्यांच्यासाठी, घरी एकच ॲप राहणार असेल तर मौसम ठेवा, कारण आमसुलं गेली तर पुढच्या वर्षी होतील. दोन ठेवता येत असतील तर विंडी जोडीला. ते टाकल्यावर पहिल्याच दिवशी तीन कामं करा. घराची जागा नकाशात ज़ूम करून नेमकी गच्चीवर धरून सेव्ह करा, गावाच्या नावाने शोधलं तर खूण कधी कधी दोन किलोमीटर आत जाते. वाऱ्याचं माप नॉटमध्ये असेल तर किलोमीटरमध्ये करा, १० नॉट म्हणजे साडेअठरा किलोमीटर, घाईत गोंधळ होतो. आणि तुलनेचा तक्ता कुठं आहे ते घरातल्या मोठ्यांना दोनदा तरी हातात फोन देऊन दाखवा. काकूंना मी तसंच दाखवलं, यंदा त्या जेवणं झाली की चष्मा लावून तिन्ही ओळी वाचतात आणि एकात जरी पाऊस दिसला तरी सूप घेऊन गच्चीवर जातात.