पणजीच्या माहेरचा शोध आणि फॅमिलीसर्च: काही महिन्यांच्या वापरानंतर

फॅमिलीसर्च हे वंशावळ जुळवण्याचे संकेतस्थळ मी गेले काही महिने एकाच प्रश्नासाठी वापरत आहे. 1900 च्या सुमारास दापोली तालुक्यातील आमच्या गावी लग्न होऊन आलेल्या पणजीचे माहेरचे आडनाव कोणते? पणजोबा मुंबईला गिरणीत होते, पणजी गावी राहिली आणि घरात तिचे फक्त सासरचे नाव टिकले. आपल्याकडे लग्नात आडनावाबरोबर पाळण्यातले नावही बदलत असे, त्यामुळे शोधाच्या चौकटीत भरायला मुळात काहीच हाती नव्हते.

संकेतस्थळ पूर्णपणे मोफत आहे. ते अमेरिकेतील एक चर्च चालवते, परंतु नोंदणीसाठी धर्म आड येत नाही. वंशवृक्षात स्त्रीची नोंद तिच्या जन्मनावाने करण्याची पद्धत आहे, लग्नानंतरचे नाव पर्यायी नाव म्हणून वेगळे लिहिता येते, आणि जन्मनाव ठाऊक नसेल तर ती जागा रिकामी ठेवायची असते. ही शिस्त मला फार आवडली, कारण आपल्या बहुतेक छापील वंशावळींत पुरुषांची नावे सात-आठ पिढ्यांपर्यंत सलग असतात आणि बायका एक तर नसतातच किंवा नुसत्या ‘पत्नी’ असतात. (चांगल्या कुलवृत्तांतांत माहेरचे नाव व वडिलांचे गाव दिलेले असते, हे मान्य, पण असे ग्रंथ मोजक्याच घराण्यांच्या वाट्याला आले.)

मात्र नाव टाकले आणि उत्तर आले, असे आपल्याबाबतीत होणार नाही, आणि त्याचे कारण संकेतस्थळात नसून ब्रिटिश अमदानीतील कायद्यांत आहे. पारशी विवाहांची नोंद 1865 च्या कायद्याने आणि ख्रिस्ती विवाहांची 1872 च्या कायद्याने होऊ लागली. हिंदू विवाहांसाठी मुंबई राज्यात नोंदणीचा कायदा आला तो 1953 मध्ये. त्यामुळे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असलेल्या इंडिया ऑफिसच्या दप्तरात मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी असल्या, तरी त्या प्रामुख्याने युरोपीय आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या आहेत. त्या पाहण्यासाठी मी एका परदेशी संकेतस्थळाची वर्गणी भरली होती. आमच्यासारख्या घराला तिचा काहीही उपयोग झाला नाही. वसई, माहीम किंवा वांद्र्याच्या ईस्ट इंडियन, म्हणजे स्थानिक कॅथलिक, कुटुंबाची गोष्ट निराळी, कारण त्यांच्या चर्चच्या विवाहवहीत वधूच्या वडिलांचे नाव सापडण्याची शक्यता बरीच असते. फॅमिलीसर्चवर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांचाही, म्हणजे तेथील उपाध्यायांनी यात्रेकरूंच्या घराण्यांची नावे लिहून ठेवलेल्या वह्यांचा, मोठा चित्रसंग्रह आहे, परंतु त्यात हरिद्वारसारख्या उत्तरेकडील क्षेत्रांचा भर असल्याने आमच्या कामी तो आला नाही.

मग मी प्रश्नच उलटा केला. पणजीची नोंद शोधण्याऐवजी ज्या पुरुषांच्या नोंदीत ती अप्रत्यक्षपणे आली असेल, ते पुरुष शोधायचे ठरवले. पहिले बाळंतपण माहेरी, ही रीत येथे कामाला आली. पहिल्या मुलाचा जन्म आमच्या गावच्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीत (गाव नमुना 14), नसेल तर तो तिच्या माहेरच्या गावच्या वहीत असला पाहिजे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी 2023 मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामामुळे अशा वह्यांतील पाने जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत आणि मोडी वाचणाऱ्यांनाही बरे दिवस आले आहेत. तरी आम्हाला हवे असलेले पान तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातच, अर्ज करून, पाहावे लागले. खाडीपलीकडच्या एका गावच्या वहीत पणजोबांचे पूर्ण नाव बाप म्हणून आहे, राहणार म्हणून आमचे गाव आहे, आणि खबर देणाऱ्याच्या रकान्यात एक अनोळखी आडनाव आहे. मोडी जाणकार गृहस्थांनी ते दोनदा वाचून दाखवले; माझ्या डोळ्यांना ती अक्षरे कोणत्याही तीन आडनावांसारखी दिसत होती.

खबर देणारा शेजारीही असू शकतो, म्हणून एवढ्यावर वंशवृक्षात नाव घालणे मला पटले नाही. दुसरा पुरावा नाशिकला मिळाला. तीर्थश्राद्धात वडिलांकडील तीन पिढ्यांबरोबर आईच्या वडिलांचे, आजोबांचे आणि पणजोबांचेही नाव घेऊन पिंड दिला जातो. पणजी आमच्या आजोबांची आई. म्हणजे आजोबांनी रामकुंडावर श्राद्ध केले असेल, तर त्यांना आपल्या मातामहाचे नाव सांगावेच लागले असणार. तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या गाव आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात, तेव्हा गावाचे नाव सांगताच गुरुजींनी योग्य बाड काढले. आजोबांच्या नोंदीखाली मातामहाचे नाव आणि आडनाव होते, आणि ते कोतवाल बुकातील आडनावाशी जुळले. ते आडनाव येथे देत नाही, कारण त्या घरातील मंडळी आज त्याच गावात आहेत आणि त्यांच्याशी बोलणे अजून व्हायचे आहे.

हे सारे फॅमिलीसर्चच्या बाहेर घडले, मग त्याचा उपयोग काय झाला, असे कोणी विचारील. पुरावा सांभाळण्यासाठी झाला. प्रत्येक नावाला नोंदीचे छायाचित्र जोडता येते, ते नाव का धरले याचे कारण लिहिता येते, आणि ठाण्यात बसलेल्या चुलतभावाला ते लगेच दिसते. ‘आत्या म्हणायची’ आणि ‘वहीत आहे’ यांतला फरक कागदावर राहिल्याने घरातले दोन जुने वाद परस्पर मिटले. एक सावधगिरी मात्र हवी. हा वृक्ष सर्वांचा सामाईक असल्यामुळे दिवंगत व्यक्तीची माहिती कोणीही सदस्य बदलू शकतो. म्हणून सर्व छायाचित्रांची प्रत मी स्वतःच्या संगणकावरही ठेवतो. जिवंत व्यक्तींची माहिती इतरांना दिसत नाही, हे चांगले आहे.

पणजीच्या पानावर आता जन्माचे आडनाव आणि वडिलांचे नाव आहे. तिच्या स्वतःच्या पहिल्या नावाची जागा रिकामीच आहे. तिच्या जन्माच्या वर्षांची कोतवाल बुके मिळाली तरी त्यांत मुलीचे नाव लिहिलेले असेल याची खात्री नाही, कारण आम्ही पाहिलेल्या पानांवर बापाच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी नुसते ‘मुलगी’ एवढेच आहे. काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत असलेल्या राज्य पुराभिलेखागारात त्या गावाचे काही महसुली कागद आहेत का, हे पाहण्यासाठी मी अर्ज केला आहे. त्यांतून तिच्या भावांची नावे मिळाली, तर तिच्या माहेरची शाखा वंशवृक्षात घालणार आहे.