भाड्याच्या विमानातले पाच महिने आणि ११ए ची भिंत

काल माझ्या खात्यात चारशे पन्नास रुपये जमा झाले, विमानात न मिळालेल्या खिडकीच्या आसनाचे. त्यासाठी त्रेसष्ट दिवस गेले, अकरा ईमेल झाले आणि शेवटी सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करावी लागली. आधीच लिहिणार होतो, पण तेव्हा नुसता संताप उतरला असता. आता जरा शांतपणे सांगता येईल.

कामानिमित्त पुणे-दिल्ली माझं दर महिन्याला असतं. नोव्हेंबर ते मार्च चौदा फेऱ्या झाल्या, त्यातल्या नऊ भाड्याच्या विमानातून. कंपनीचं नाव देत नाही. हिवाळ्यात अशी विमानं आणणारी एकच कंपनी नसते, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या तिकिटाला लागू पडतं.

आधी एक गोंधळ दूर करतो, कारण मीही त्यात होतो. आपल्याकडची बहुतेक विमानं तशी भाड्याचीच असतात. कंपनी नुसतं विमान भाड्याने घेते, त्यावर आपला रंग चढवते, आपले वैमानिक बसवते आणि शेपटीजवळ भारताचा, VT ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लागतो. हे ड्राय लीज. प्रवाशाला त्याचा पत्ताही लागत नाही; लागलाच तर कंपनी बुडाल्यावर. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली तेव्हा विमानांचे मालक आपली विमानं परत मिळवण्यासाठी जवळजवळ वर्षभर कोर्टात झगडत होते. मी बोलतोय ते वेट लीजबद्दल. यात विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा सगळं दुसऱ्या कंपनीचं. आपल्या कंपनीचं फक्त तिकीट आणि वेळापत्रक. केबिन क्रू आपल्या कंपनीचा असेल तर त्याला डॅम्प लीज म्हणतात. माझ्या नऊ फेऱ्या डॅम्प लीजच्या होत्या: कॉकपिटमध्ये युरोपीय वैमानिक, केबिनमध्ये आपल्या मुली.

हिवाळ्यातच का, तर युरोपातल्या सहलींच्या विमान कंपन्यांचा हंगाम उन्हाळ्याचा. लोक समुद्रकिनाऱ्यांवर जातात तेव्हा त्या कंपन्यांकडे एकही विमान मोकळं नसतं, आणि नोव्हेंबरपासून विमानं उभी राहतात. आपल्याकडे नेमकी तेव्हाच दिवाळी, लग्नसराई, नाताळची गर्दी. त्यात जुलै २०२३ मध्ये प्रॅट अँड व्हिटनीच्या नव्या इंजिनांमध्ये धातूच्या भुकटीतला दोष निघाला आणि तपासणीसाठी आपली कितीतरी विमानं इंजिनाविना उभी राहिली. ती कमतरता भरून काढायला ही पाहुणी विमानं आली.

इथपर्यंत माझी काहीच तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली फेब्रुवारीत, आई बरोबर होती तेव्हा.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. सहा वर्षांपूर्वी तिने बसने नर्मदा परिक्रमा केली. पुण्याहून दिल्लीला जाताना विमान नर्मदा ओलांडतं हे मी तिला सांगितलं, तेव्हापासून तिचं एकच: वरून मैया बघायची. विमानात ती पहिल्यांदाच बसणार होती. मी एरवी आसनासाठी जादा पैसे भरत नाही. दोन-सव्वादोन तास कुठेही बसता येतं, त्यासाठी साडेचारशे रुपये कशाला, असं माझं सरळ गणित. पण आईसाठी जाता-येता दोन्ही वेळा ११ए घेतलं, शेजारचं ११बी माझं. वेबसाइटवरच्या नकाशात ११ए ला खिडकी स्पष्ट दिसत होती. तो नकाशा एअरबस ए३२० चा होता.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर बसमधून उतरलो तर समोर पांढरंशुभ्र विमान, अंगावर कुठलंच चित्र नाही. बोइंग ७३७-८००. अकराव्या रांगेत पोचलो. आई आत सरकली, पट्टा लावून घेतला आणि डावीकडे वळली. तिथे खिडकी नव्हती. मळकट पांढऱ्या प्लास्टिकचा सलग पत्रा, त्यावर कुणाच्या तरी डोक्याचा तेलकट डाग. पुढच्या रांगेला खिडकी, मागच्या रांगेला खिडकी, मध्ये आईची भिंत. तिने पत्र्यावरून हात फिरवला. तिला वाटलं झडप खाली ओढलेली असेल. कुठून उघडायची, असं तिने मला विचारलं.

विमान भरलेलं होतं, जागा बदलता आली नाही. चाळीसेक मिनिटांनी खाली नर्मदा गेली असणार. आई तेव्हा डोळे मिटून जप करत होती.

घरी येऊन शोधलं. ७३७-८०० मध्ये डाव्या बाजूला, पंखाच्या जरा पुढे, एका रांगेला खिडकीच नसते. पोटातल्या एसी यंत्रणेची हवा छतापर्यंत नेणारी नळी तिथल्या भिंतीतून वर जाते, म्हणून खिडकी कापलेली नसते. रांगेचा आकडा कंपनीच्या आसनरचनेप्रमाणे थोडा मागेपुढे होतो. अमेरिकेत तर ऑगस्ट २०२५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड या विमान कंपन्यांवर याच कारणासाठी खटले भरले गेले: खिडकीचे पैसे घेतले आणि भिंत दिली. म्हणजे हे विमान कंपन्यांना ठाऊक असतं. ए३२० च्या नकाशावर विकलेली जागा ७३७ मध्ये तशीच ठेवायची आणि प्रवाशाला एक ओळही कळवायची नाही, याचा मला मनापासून राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

पहिल्या ईमेलला उत्तर आलं की तुम्हाला दिलेलं आसन ‘विंडो’ प्रकारातलंच आहे, सेवा पूर्ण झाली आहे. मी भिंतीचा फोटो पाठवला. उत्तर आलं की परिचालनाच्या कारणाने विमान बदलण्याचा अधिकार कंपनी राखून ठेवते. विमान जरूर बदला, माझं त्याबद्दल म्हणणंच नव्हतं. ज्या वस्तूचे वेगळे पैसे घेतले ती वस्तू दिली नाही, तर पैसे परत करा, एवढंच होतं. मग नोडल अधिकारी, मग अपील अधिकारी, मग एअरसेवा. एअरसेवावर तक्रार टाकल्यावर आठवड्यात फोन आला. मी एकाच बाजूचे साडेचारशे मागितले होते. दुसऱ्या बाजूचे का नाही, ते पुढे येईल.

आता बाकीचा अनुभव, जो या भिंतीइतका वाईट नाही. ७३७ ची केबिन ए३२० पेक्षा सहा इंचांच्या आसपास अरुंद असते, एका रांगेत सहा जण बसल्यावर खांद्यांना ते लगेच कळतं. सहलींच्या कंपन्यांची विमानं असल्याने आसनं १८९, पायाला जागा बेताची. समोरच्या खिशातल्या सुरक्षा-कार्डावर भलत्याच कंपनीचं नाव, जीवरक्षक जॅकेटची सूचना इंग्रजीबरोबर आणखी एका अनोळखी भाषेत. उद्घोषणा मात्र हिंदी-इंग्रजीत, खाणं नेहमीचंच, सामानाचे नियम तिकिटावरचेच. आसनं जुनी पण गादी जाड होती, आणि माझ्या पाठीला ती नव्या विमानांच्या पातळ आसनांपेक्षा मानवली.

जानेवारीत दिल्लीला विमान चार तास चाळीस मिनिटं उभं राहिलं. धुकं नव्हतं. कुठल्याशा व्हॉल्व्हचा दिवा लागला होता. शेजारच्या गेटवर माझं तिकीट ज्या कंपनीचं तिचे दोन अभियंते उभे दिसत होते, तरी कुणी हात लावेना. तेव्हा मी काउंटरवर बराच आवाज चढवला. नंतर मावसभावाने समजावलं. तो आयुष्यभर विमान देखभालीत होता. वेट लीजचं विमान ते देणाऱ्या कंपनीच्या परवान्यावर आणि तिच्या देशाच्या नियमांखाली उडतं. दुरुस्तीनंतर ‘उडायला योग्य’ अशी सही करायला त्याच व्यवस्थेने अधिकृत केलेला अभियंता लागतो. आपल्या कंपनीचा माणूस कितीही हुशार असला तरी ती सही त्याची चालत नाही, आणि सहीवाला त्या दिवशी दुसऱ्या शहरात दुसऱ्या विमानावर होता. हे कळल्यावर काउंटरवरच्या मुलीवर ओरडल्याचं वाईट वाटलं. आणि भाड्याची विमानं म्हणजे कुणाची टाकाऊ विमानं, हे जे माझ्या डोक्यात बसलं होतं, तेही गेलं. सहीशिवाय कुणी हात लावत नाही, ही मला आता समाधानाची गोष्ट वाटते. पण अशा विमानाला उशीर झाला तर तो मोठा होऊ शकतो, हे धरून चाला. दिल्लीला पुढचं आंतरराष्ट्रीय विमान गाठायचं असेल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

उशिरात आपला हक्क काय, तर जबाबदारी तुमचं तिकीट ज्या कंपनीचं तिची. विमान आमचं नाही हे उत्तर ऐकून घेऊ नका. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारी सरकारी संस्था, तिच्या नियमांनुसार अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाला की खाणंपिणं द्यावं लागतं. सहा तासांहून जास्त होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा. आम्हाला सँडविच आणि ज्यूस मिळालं, तेही मागितल्यावर.

युरोपला जाणाऱ्यांसाठी वेगळं सांगतो, कारण तिकडेही हेच चाललंय. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबई-ॲमस्टरडॅम सुरू केलं ते नॉर्वेच्या नॉर्स अटलांटिककडून घेतलेल्या ७८७ विमानांवर. युरोपीय संघातून निघणाऱ्या कुठल्याही विमानाला तिथला भरपाईचा कायदा लागतो, लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत. पण इथून तिकडे जाताना भारतीय कंपनीच्या उड्डाणाला तो लागत नाही. विमान आणि वैमानिक युरोपचे आहेत ना, मग भरपाई मिळेल, असं बरेच जण धरून चालतात. जुलै २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयाने वेट लीजच्या एका प्रकरणात स्पष्ट केलं की जबाबदार धरायची ती उड्डाण ठरवणारी कंपनी, विमान देणारी नव्हे.

आता परतीचं. चोवीस फेब्रुवारी, दिल्ली-पुणे, पुन्हा तेच पांढरं विमान, पुन्हा ११ए. मी आत शिरतानाच केबिन क्रूमधल्या मुलीला सांगितलं. माझी मराठी-हिंदी खिचडी ऐकून ती मराठीतच बोलायला लागली, मूळची कराडची. दारं बंद झाल्यावर सहाव्या रांगेतली रिकामी जागा तिने आईला दिली, खिडकीची. का हवी आहे तेही तिने विचारून घेतलं. तासाभराने ती कॉकपिटशी फोनवर बोलताना दिसली, मग आईपाशी वाकून म्हणाली, “आजी, कॅप्टन सांगतायत, दोन-तीन मिनिटांत येईल. डावीकडेच बघत राहा.”

मी पाच रांगा मागे होतो. मला फक्त आईचा पांढरा अंबाडा दिसत होता, काचेला टेकलेला. नंतर तिने दोन्ही हात जोडलेले दिसले. पुण्याला उतरताना ती म्हणाली, “केवढं पाणी रे तिचं. आम्ही सबंध दिवस बसने काठाकाठाने गेलो होतो, ते एवढ्यात संपलं.” त्या परदेशी कॅप्टनने नकाशात नर्मदा शोधली असेल, किंवा त्या मुलीने त्याला नीट समजावलं असेल. दोघांचेही माझ्यावर उपकार आहेत. म्हणून परतीचे साडेचारशे मी मागितले नाहीत.

तुम्हाला भाड्याचं विमान ओळखायचं असेल तर तिकीट काढताना ‘ऑपरेटेड बाय’ ही बारीक ओळ वाचा. आदल्या दिवशी उड्डाण दाखवणाऱ्या ॲपवर टेल नंबर, म्हणजे शेपटीजवळचा तो नोंदणी क्रमांक, बघा: VT नसेल, TC, 9H, OK असं काही असेल, तर परदेशी नोंदणीचं विमान आहे. टेल नंबर टाकून शोधलं की बऱ्याचदा आसनरचनाही सापडते. जादा पैशाचं आसन घेतलं असेल तर वेब चेक-इनच्या वेळी नकाशा पुन्हा उघडून पाहा, आणि पैसे भरताना दिसला तो नकाशा फोनमध्ये साठवून ठेवा. माझ्याकडे तो नव्हता, म्हणून अकरा ईमेल झाले.

मे महिन्यात आईला पुन्हा दिल्लीला न्यायचंय. आठव्या रांगेतली डावी खिडकी घेतली आहे, साडेचारशे भरून. ही विमानं तोवर परत गेली असतील, तरी आदल्या दिवशी टेल नंबर बघणार आहे.