हणजुण्यातलं शुक्रवारचं जेवण: रस्सा झकास, फॉर्म नको तेवढा लांब

गोव्यात हणजुण्याला सीझनभर एका भाड्याच्या बंगल्यात शब्बाथचं, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होणाऱ्या यहुदी विश्रांतीच्या दिवसाचं जेवण मिळतं. मुंबई-ठाण्याहून उतरणाऱ्या बेने इस्राएल (कोकणातल्या मराठी यहुदी) कुटुंबांना सोयीचं.

स्वयंपाक चोख आहे. इसवण (सुरमई) अख्खा आणून घरातच कापतात, कारण आपल्याला खवल्यांचाच मासा चालतो, आणि याचे खवले बारीक असल्यानं तुकड्यांवर ते तपासणं अवघड. शॅकवर बांगडा सहज मिळेल, पण तळलेला असतो सुंगटांच्याच तेलात, आणि सुंगटं (कोळंबी) आपल्याला वर्ज्य. मटणाचा रस्सा नारळाच्या दुधातला, आपल्या घरच्यासारखा. किद्दुशला (जेवणाआधीच्या वाइनवरच्या प्रार्थनेला) वाइनबरोबर मनुकांचं शरबतही ठेवतात, हे विशेष. शब्बाथला विस्तवाला हात लावत नाहीत, म्हणून गॅस सूर्यास्ताआधीच मंद करून वर पत्रा टाकतात आणि पातेली त्यावर. रस्सा मधोमध असल्यानं वाफाळता येतो. भाताला कडेची जागा मिळते, त्यामुळे तो गारच.

आता बुकिंगचा फॉर्म. त्यात आईचं हिब्रू नाव, आजीचं माहेर, आईवडिलांचं लग्न कुठे लागलं, शिवाय पासपोर्टचा फोटो. परदेशी पाहुणा मुक्कामाला असेल तर त्याची माहिती सरकारला कळवावी लागते. दोन तास जेवायला येणाऱ्याचा पासपोर्ट कशाला? २००८च्या नरिमन हाऊसवरच्या (मुंबईतलं यहुदी केंद्र) हल्ल्यानंतर दारावर ओळखपत्र बघणं समजू शकतं. बघावं आणि परत द्यावं, प्रत कशाला ठेवायची? यहुदीपण आईकडून धरतात, पण आई यहुदी आहे का, हा प्रश्न मिन्यानच्या (सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या) दहांत धरताना येतो, ताट वाढताना नाही. १९६२ साली इस्राएलच्या मुख्य रब्बीनेटनं (तिथल्या सर्वोच्च धर्मपीठानं) लग्नं लावण्याआधी आपल्या आज्या-पणज्या तपासायला काढल्या होत्या, तो निर्णय बदलायला १९६४ उजाडलं. ज्या घरात ती आठवण आहे, तिथे हा रकाना टोचणारच.

गंमत म्हणजे मिन्यान मोजताना इथे माणसांचे आकडे म्हणत नाहीत, माणसं मोजू नयेत म्हणून. ‘होशिया एत अमेखा’ हे दहा शब्दांचं वचन एकेका माणसावर एकेक शब्द ठेवत म्हणतात. आणि फ्रिजवर मात्र सगळ्यांची नावं मोबाइल नंबरांसकट चिकटवलेली! दुसऱ्याची खासगी माहिती जपण्याची शिकवण तर जुनीच: दुसऱ्याचं पत्र उघडू नये हा दंडक रब्बेनू गेर्शोम या धर्मगुरूच्या नावावर हजार वर्षं चालत आलाय.

फॉर्ममध्ये फक्त नाव आणि माणसं किती एवढंच भरा, बाकी कोरं ठेवा, बुकिंग होतं. शेऱ्यात ‘फोटो नको, ग्रुपमध्ये घालू नये’ असं लिहा. शब्बाथच्या मेणबत्त्या लावायच्या आधी फोटो काढतात आणि शनिवारी रात्री टाकतात. मेणबत्त्या सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी. डिसेंबरात पावणेसहाच्या आधीच पोचा. पैसे दुपारीच द्या, शब्बाथ लागल्यावर कोणी हातात घेणार नाही.